हिमनदीचा संच: डोंगर पास, बर्फ नापास

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कुठून येतंय ते कळेल. डिचोलीत माझं लादी घासायचं काम आहे. कोटा, मार्बल, मोझॅक, जे असेल ते. बावीस वर्षं मशीन मारतोय. दगडावर दगड घासला की काय होतं, किती वेळात होतं आणि तोवर आपल्या कंबरेचं काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. भूगोलाशी मात्र माझा संबंध दहावीलाच सुटला होता. तो यंदा ऑक्टोबरात पुन्हा जुळला, कारण धाकटी नववीत आहे आणि तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय मिळाला: हिमनदी डोंगर कसे घडवते. गोव्यात, ऑक्टोबरच्या घामात, हिमनदी! आमच्या घरी बर्फ येतो तो मासळीबरोबर, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं.

मी म्हटलं, थर्माकोल आणू, कापू, रंगवू. ती म्हणाली, "बाबा, थर्माकोलचा डोंगर सगळेच करतात." मग तिनेच ऑनलाइन शोधून हिमनदीचं मॉडेल करायचा हा संच काढला. १,८५० रुपये, कुरियर वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही. नावाने काही अडत नाही. अशा वस्तूत काय बघून घ्यायचं ते सांगतो.

खोक्यात काय येतं? प्लास्टर ओतायचे दोन साचे: एक ‘आधीचा’ डोंगर, नदीने कापलेला, दुसरा ‘नंतरचा’, हिमनदी येऊन गेल्यावरचा. दोन किलो प्लास्टर. एक लाकडी चमचा. गुळगुळीत गोट्यांची पिशवी. नावांचे चौदा छोटे झेंडे. बत्तीस पानांची पुस्तिका. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ती ‘हिमनदी’: निळ्या जेलची एक लांबट, जिभेच्या आकाराची पिशवी. ही पिशवी डोंगराच्या दरीत ठेवायची, ट्रे तिरका करायचा, की ती हळूहळू घसरत खाली येते.

चांगलं आहे ते आधी लिहितो, कारण ते खरंच चांगलं आहे. साचे. ज्याने कोणी हे साचे काढले त्याने नकाशे समोर ठेवून काम केलंय. पहिल्या डोंगरात दरी व्हीच्या आकाराची, नागमोडी, एका बाजूचा डोंगर दुसऱ्या बाजूच्या डोंगरात बोटं अडकवल्यासारखा. ती बघितल्याबरोबर धाकटी म्हणाली, "ही तर आपली म्हादई." सत्तरी तालुक्यात वरच्या अंगाला गेलं की असंच दिसतं. दुसऱ्या डोंगरात तीच दरी सरळ, रुंद, तळ सपाट, बाजू उभ्या. यूच्या आकाराची. दोन्ही शेजारी ठेवले की पुस्तकातली चार पानं वाचायची गरज उरत नाही.

आणि चमचा! प्लास्टर अर्धवट घट्ट झालं की डोंगराच्या माथ्याजवळ तीन बाजूंनी चमच्याने खोदायचं. प्रत्येक खड्डा म्हणजे एक हिमगव्हर. उताराच्या खोबणीत बर्फ साचतो, वर्षानुवर्षं दबतो, घट्ट होतो, आणि मग खुर्चीत बसलेला माणूस पुढे सरकावा तसा गोल फिरत खाली सरकतो. मागची भिंत तोडतो, तळ खरवडतो, पुढे मात्र एक उंबरठा ठेवतो. बर्फ वितळून गेला की त्या वाडग्यात तळं राहतं. असे दोन खड्डे पाठीला पाठ लावून वाढले की मधे करवतीच्या पात्यासारखी धार राहते, तिला मराठीत शुककूट म्हणतात. तीन-चार बाजूंनी वाढले की मधे सुळका उरतो, तो गिरिशृंग. स्वित्झर्लंडचा ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न असाच झाला, आणि आपल्याकडे गंगोत्री हिमनदीच्या वरचा शिवलिंग, ६,५४३ मीटर, तोही. चमचा हातात घेऊन पोरीने तो सुळका स्वतः काढला. एकदा मोडला, पुन्हा काढला. ह्या एका गोष्टीसाठी पाचशे रुपये वसूल.

प्लास्टर वाळायला मात्र पुस्तिकेत ‘चार तास’ लिहिलंय. हे लिहिणारा माणूस राजस्थानात बसला असणार. आमच्याकडे परतीच्या पावसात चार दिवस लागले, आणि ‘आधीच्या’ डोंगराला खालून बुरशी आली ती वेगळी. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या कामासाठी वाड्यावरच्या मुलांनी मोठा पंखा आणला होता, तो रात्रभर मागून घेतला तेव्हा डोंगर सुकले. गोव्यात घेणार असाल तर हे धरून चाला.

आता जेल.

पुस्तिकेत तिसऱ्या पानावर वाक्य आहे की हिमनदी म्हणजे गोठलेली नदी, आणि हा बर्फ सुरीसारखा डोंगर कापत जातो. एका वाक्यात दोन चुका. पहिली चूक आपल्या मराठी शब्दानेही होते म्हणा, ‘हिमनदी’ म्हटलं की गोठलेली नदीच डोळ्यांपुढे येते. पण नदी गोठून ती होत नाही. वर पडलेलं हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, खालच्यातली हवा दाबली जाते, आणि अनेक वर्षांनी त्याचा घट्ट निळसर बर्फ होतो. मग स्वतःच्याच वजनाने तो उताराकडे वाहायला लागतो. वरचे साधारण पन्नास मीटर ठिसूळ असतात, तिथे भेगा पडतात. त्याखालचा बर्फ दाबाने घट्ट काकवीसारखा सरकतो. कडेला सावकाश, मधे भरभर. हे कळलं कसं, त्याचा एक किस्सा मला फार आवडला. १८२७ मध्ये हुगी नावाच्या स्विस माणसाने एका हिमनदीवर झोपडी बांधली. पुढे चौदाएक वर्षांत ती झोपडी किलोमीटरभराहून जास्त खाली गेलेली सापडली. कोणी उचलून नेली नव्हती!

दुसरी चूक माझ्या धंद्यातली, म्हणून ती मला झोंबली. बर्फ दगड कापत नाही. कापूच शकत नाही. फ्रीजमधला बर्फ बाहेर काढून जरा ओला होऊ द्या, त्यावर नख ओढा, चरा बर्फावर पडतो. नखाला हरणारी वस्तू डोंगर कसा कापणार? आमच्या मशीनखाली लोखंडी तबकडी फिरते, पण लादी घासतात ते तबकडीत बसवलेले कार्बोरंडमचे दगड. साठ नंबर, मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड काढून नुसती तबकडी फिरवली तर दिवसभरात आवाजाशिवाय काही निघणार नाही. बर्फ ही तबकडी. घासणारे दगड त्यात अडकलेले असतात: कड्यावरून पडलेले, तळातून उपटलेले, खडकापासून रेतीपर्यंत सगळ्या नंबरांचे. मोठे दगड चरे पाडतात, बारीक भुकटी पॉलिश करते. म्हणूनच हिमनदीखालून निघालेल्या खडकावर दोन्ही एकाच जागी सापडतात, आरशासारखी चकाकी आणि त्यावर एका दिशेने गेलेले समांतर ओरखडे.

आणि संचातली जेलची पिशवी? गुळगुळीत. तिला एक कण चिकटत नाही. ती दरीतून अशी घसरते जशी पावसात मांजर कौलावरून. पोरीने गोट्या तिच्यावर ठेवल्या, त्या गडगडत खाली आल्या. दरीवर एक रेघ नाही. ‘हिमनदी कसा डोंगर घडवते’ हे दाखवणाऱ्या संचात हिमनदी काहीच घडवत नाही, हे म्हणजे लग्नाला सगळे आले आणि नवरा तेवढा नाही आला.

मग आम्ही घरचा प्रयोग केला. तो इथे सविस्तर लिहितो, कारण संच घ्या किंवा न घ्या, हा फुकट होतो.

आईस्क्रीमचे दोन रिकामे डबे घेतले. एकात नुसतं पाणी. दुसऱ्यात तळाला मी साठ नंबरच्या कार्बोरंडमची भुकटी टाकायला गेलो, तर पोरीने हात धरला. "डोंगरात कार्बोरंडम कुठून येणार?" बरोबर होतं तिचं. मग घराच्या प्लास्टरची उरलेली वाळू आणि मूठभर बारीक खडी टाकली. दोन्ही डबे रात्रभर फ्रीजरमध्ये. त्यासाठी आईचे बांगडे एका बाजूला सारावे लागले, ते तिने ऐकवलं.

सकाळी कारखान्यातला कोट्याचा एक तुकडा आणला, फूटभर बाय फूटभर, चारशे नंबरपर्यंत घासलेला, स्वच्छ. बर्फाच्या दोन लाद्या काढल्या. लादीवर लादी. आधी नुसत्या बर्फाची ठेवली, ती चिकटून बसली! हलेचना. बर्फाची लादी फ्रीजरमधून नुकतीच काढलेली, कोरडी थंड; तिने खालचा कोटा धरून ठेवला. दोन मिनिटांनी तळाशी पाण्याचा पापुद्रा आला आणि मग ती लोण्यासारखी सरकायला लागली. तेव्हा मला आमचा मिस्त्री आठवला, जो नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: पाणी सोड, मग मशीन सोड. खऱ्या हिमनदीतही हेच आहे. जिथे बर्फ इतका थंड की तळाला खडकाशी गोठून बसलाय, तिथे तो खडकाला फारसा धक्का लावत नाही; उलट जुनी जमीन तशीच झाकून ठेवतो. जिथे तळाशी पाणी आहे, दाबाने वितळलेलं किंवा वरून भेगांतून उतरलेलं, तिथे सरकणं आणि घासणं दोन्ही चालतं.

तर नुसत्या बर्फाची लादी पुढे-मागे दोनशे वेळा फिरवली. पोरगी मोजत होती. कोटा ओला झाला. पुसला, तर होता तसाच.

मग वाळूवाली. वाळू खाली, वरून दाबायला आईचा वरवंटा. दहाव्या फेरीला आवाज बदलला, करकर यायला लागली. विसाव्याला पुसून बघितलं, तर चकाकीवर बारीक पांढऱ्या रेषा, सगळ्या एका दिशेने. पन्नासाव्याला एक जाड चरा, खडीचा एक कोपरा बाहेर आला होता त्याचा. शंभरच्या पुढे मात्र गंमत अशी झाली की घासणं मंदावलं. उलटून बघितलं, तर वितळून वाळू गळून गेली होती आणि जी खडी उरली तिचा तळ सपाट झाला होता, इस्त्रीसारखा. घासणारा दगडही झिजतो. आम्ही तो बदलतो, हिमनदीला वरून किंवा तळातून नवा मिळावा लागतो. असे एका बाजूने सपाट झालेले, ओरखडे असलेले गोटे हिमनदीच्या मलब्यात सापडतात. संचातले गोटे, पुन्हा सांगतो, नदीतले गोल गुळगुळीत आहेत. हिमनदीच्या संचात नदीचे गोटे!

दुसऱ्या दिवशी तिला हाच प्रयोग मोबाइलवर टिपायचा होता. रात्री चार तास लाईट नव्हती. सकाळी डब्यात वाळूचं पाणी.

प्रयोगानंतर कोट्यावर जो राखाडी चिखल उरला तो बघून मला दोन वर्षांपूर्वीचा प्रवास आठवला. आम्ही वाड्यावरची चार जोडपी मनालीला गेलो होतो. अटल बोगद्यातून, ९.०२ किलोमीटर, लाहौलच्या बाजूला बाहेर पडलो, सिस्सूला चहाला थांबलो. खाली चंद्रा नदी. सगळे फोटो काढत होते आणि मी नदीच्या पाण्याकडे बघत उभा, कारण ते पाणी मी रोज बघतो. आमच्या मशीनखालून वाहतं ते. दुधात सिमेंट कालवल्यासारखं. तेव्हा वाटलं, वर कुठेतरी रस्त्याचं काम चाललं असेल. आता कळतंय, वर बडा शिग्री, छोटा शिग्रीसारख्या हिमनद्या खडक घासताहेत आणि त्याचं पीठ खाली येतंय. इतकं बारीक पीठ की पाण्यात तरंगत राहतं, तळ्यात गेलं की त्याच्यामुळे तळं निळं-हिरवं दिसतं. बायको म्हणाली, नदी गढूळ आहे. गढूळ नव्हती ती, काम करून आली होती.

वजनाचाही एक हिशेब. माझी मशीन ऐंशी किलोची, दोन माणसांनी उचलायची. शंभर मीटर जाड बर्फ एका चौरस मीटरवर, म्हणजे कॅरमबोर्डापेक्षा जरा मोठ्या जागेवर, सुमारे नव्वद टन भार टाकतो. तळाच्या पाण्याने त्यातला काही उचलला तरी उरतो तो पुरे. आणि सुट्टी नाही, चतुर्थी नाही, हजारो वर्षं.

लोंबती दरी ह्याच हिशेबाने समजते, आणि संचात ती छान दाखवली आहे. मुख्य दरीत जाड बर्फ, म्हणून ती खोल गेली. बाजूने येऊन मिळणाऱ्या दरीत पातळ बर्फ, तिची खोदाई कमी. हॉलमध्ये मोठी मशीन आणि स्कर्टिंगला हातातली मशीन चालवली तर दोन्हीकडे सारखं निघेल का? बर्फ होता तोवर दोन्ही हिमनद्यांचा माथा बरोबरीला असल्याने फरक दिसत नव्हता. बर्फ गेला आणि बाजूची दरी उंचावर, तोंड उघडं ठेवून लटकत राहिली. तिच्यातला ओढा आता कड्यावरून पडतो. अमेरिकेत योसेमिटीला १८८ मीटरचा ब्रायडलव्हेल धबधबा असाच पडतो. साच्यात त्या जागी एक बारीक खोबण ठेवली आहे, ड्रॉपरने पाणी सोडलं की खरंच धबधबा पडतो. प्रदर्शनात सगळी पोरं त्यालाच चिकटली होती.

आता एक मोठी चूक, जी कंपनीने दुरुस्त केलीच पाहिजे. ‘नंतरच्या’ डोंगराच्या दरीत एक छोटा उंचवटा आहे, त्याच्यावर झेंडा ‘मेषशिला’. हा खडक एका बाजूने गुळगुळीत उताराचा आणि दुसऱ्या बाजूने तुटलेला, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. संचात गुळगुळीत बाजू दरीच्या खालच्या अंगाला आहे आणि तुटकी वरच्या अंगाला. उलटी! हे मी पुस्तक न उघडता ओळखलं. मशीन लादीच्या ज्या कडेवर चढते ती कड गोल होते, आणि जिथून उतरते तिथे, खाली लादी पोकळ असेल तर, टवका उडतो, कधी अख्खी लादी उचकटून येते. हिमनदी वरून येते तेव्हा समोरच्या अंगावर दाब पडतो, तिथे बर्फ वितळतो, घासाई होते. पलीकडे दाब सुटतो, तेच पाणी खडकाच्या फटीत शिरून पुन्हा गोठतं, बर्फाची मूठ त्या फटीत बसते आणि पुढे जाताना ढेकळं उपटून नेते. घासणं आणि उपटणं, हिमनदीचे हे दोन हात. पुस्तिकेत पहिल्याला दोन पानं आहेत आणि दुसऱ्याला दीड ओळ, तर मॉडेल उलटं बसलं यात नवल नाही. आम्ही तो उंचवटा छिन्नीने काढला आणि फिरवून सिमेंटने चिकटवला. मेंढीसारखा दिसतो म्हणून मेषशिला, असं पुस्तिका सांगते. मूळ फ्रेंच नाव देणाऱ्या सोस्यूर या आल्प्सच्या अभ्यासकांना, १७८६ मध्ये, म्हणे मेंढीची चरबी लावून बसवलेले केसांचे टोप आठवले होते. हे पोरीने बाईंना सांगितलं, बाईंना आवडलं.

झेंड्यांतही घोळ. हिमनदीने आणून टाकलेल्या मलब्याला हिमोढ म्हणतात. कडेला साचतो तो पार्श्व हिमोढ, दोन हिमनद्या मिळाल्या की त्यांच्या कडा जुळून मधे पट्टा होतो तो मध्य हिमोढ, आणि टोकाशी ढीग पडतो तो अंत्य हिमोढ. आमच्या संचात ‘पार्श्व’चे दोन हवेत तिथे एकच आला आणि ‘मध्य’चे दोन. छापखान्याची चूक असेल. पेनाने खोडून लिहिलं.

पुस्तिकेतली सगळी चित्रं स्वित्झर्लंड आणि नॉर्वेची. नॉर्वेचं सोग्नेफिओर्ड असू दे, हिमनदीने खोदलेली आणि मग समुद्र शिरलेली ती दरी १,३०० मीटरहून खोल आहे, न दाखवून कसं चालेल. पण आपल्या पोरांसाठी विकायचं तर आपलं काहीच नको? चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. चंद्रपुरात, जिथे उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा लागतो! तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. ओडिशात तालचेरचे गोटे बघून ‘हे बर्फाने आणलेत’ असं ब्लॅनफर्ड बंधू या भूगर्भशास्त्रज्ञांनी १८५६ मध्येच म्हटलं होतं.

आणि गोव्याचा तर उल्लेखही नाही. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. मी त्या भागात बंगल्यांची कामं केली आहेत, कित्येकदा त्याच्यासमोरून टेम्पो नेलाय. त्यांनी २०१६ मध्ये स्पितीत, चार हजार मीटरच्या वर, हिमनद्यांच्या अभ्यासासाठी ‘हिमांश’ नावाचं ठाणं उघडलं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला निघाली ती आमच्या मुरगाव बंदरातूनच. म्हणजे बर्फाची माहिती काढायला सगळा देश गोव्यातून जातो, आणि आम्ही मात्र बर्फ म्हटलं की मासळी.

पोरीने विचारलेला प्रश्न होता: गोव्यात हिमनदी होती का? सह्याद्रीच्या आजच्या दऱ्या तरी पावसाने आणि नद्यांनी कापल्या, दूधसागरला बर्फाशी काही देणंघेणं नाही. पण बाईंनी तिला सांगितलेली एक गोष्ट मी ऐकून ठेवली. वीसेक हजार वर्षांपूर्वी जगाचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. गोव्याचा किनारा तेव्हा कितीतरी पुढे होता, आणि मांडवी, जुवारी त्या उघड्या जमिनीवरून वाहत जायच्या. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि त्यांच्या दऱ्यांत शिरला. पणजीला फेरीबोटीत उभं राहून आपण जे रुंद पाणी बघतो ती अशी बुडालेली दरी आहे. हा झेंडा पोरीने स्वतः कागदाचा कापून लावला.

विक्रीनंतरची सेवा: तक्रार करायला जागा नाही. पहिली जेलची पिशवी कडेने गळत आली. फोटो पाठवला, पाचव्या दिवशी दुसरी आली, पैसे न घेता. गळकी परत मागितली नाही. मेषशिलेची चूक मात्र मी दोनदा लिहून कळवली, दोन्ही वेळा उत्तर आलं की ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’. फोनवर मुलगी गोड बोलली, पण तिला मेषशिला म्हणजे राशीतला दगड वाटला असावा.

घ्यावा का? मुलं सातवी-आठवीच्या पुढची असतील आणि घरात कोणी हाताने काम करणारं असेल तर घ्या. साचे आणि चमचा मिळून पैसे वाजवी आहेत. नुसतं खोकं उघडून मुलाच्या हाती द्यायचं असेल तर नको, बर्फ हे मऊ निळं काहीतरी असतं आणि ते आपोआप डोंगर कापतं, एवढंच तो शिकेल. पाचपैकी तीन. मेषशिला सरळ केली आणि जेलच्या जागी आईस्क्रीमचा डबा व वाळूची पुडी दिली तर साडेचार देईन.

प्रदर्शनात तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला ठिबक सिंचनाला गेला. परीक्षकांनी डोंगर लांबून बघितला आणि कोट्याचा तुकडा हातात घेऊन त्यावरच्या रेषांवरून अंगठा फिरवला, दोघांनीही. तो तुकडा आता दुकानात टेबलावर आहे. परवा एका गिऱ्हाईकाने विचारलं, हे टेक्श्चर स्क्वेअर फुटाला काय भाव.

जेलच्या दोन्ही पिशव्या फ्रीजरमध्ये आहेत, बांगड्यांच्या बाजूला. गळकीला मी चिकटपट्टी मारली. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई त्यातली एक काढते आणि गुडघ्यावर ठेवून मालिका बघते. तेवढं काम ती हिमनदी छान करते.